उजव्या पायाचा अंगठा

१ जानेवारी १९९२, बुधवार

बियाण्याच्या दुकानदाराने डायरी दिली. मागच्या वर्षीही दिली होती, तिच्यात फक्त धोब्याकडे दिलेले कपडे लिहिले गेले. यंदा तसं होणार नाही. यंदा रोज लिहायचं आणि खरं लिहायचं. वाचणारा कोणी नाही, तेव्हा खोटं लिहून फायदाही नाही.

मुख्य विषय झोप. सात आठवडे धड झोप नाही. वय एक्कावन्न, बीपी नाही, शुगर नाही, चहा दिवसाला चारच. कारण सापडत नाही.

एकवीस वर्षं डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे. मूठभर तूरडाळ हातात घेऊन ग्रेड सांगतो, चूक होत नाही. तेव्हा झोपेलाही ग्रेड लावायचं ठरवलं. उत्तम झोप म्हणजे फटका. त्याखाली सवा नंबर. त्याखाली तुकडा. आणि अगदीच वाईट ती चुनी, जी आपण गुरांना घालतो.

कालची झोप: चुनी.

संकल्प: मार्चअखेर रोज फटका.

५ जानेवारी, रविवार

धुळ्याला भाईदास वैद्यांकडे जाऊन आलो. एस.टी.ने पारोळ्यावरून जाताना अडीच तास, येताना तीन. वैद्य सत्तरीचे, जाड भिंगाचे, आवाज बारीक. नाडी धरली ती बराच वेळ सोडलीच नाही. केव्हापासून झोप नाही, विचारलं. म्हटलं, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर काय झालं, विचारलं. म्हटलं, थंडी वाढली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, घरात काही? तेव्हा सांगितलं की मोठा भाऊ वारला, पण त्याचा इथे संबंध नाही, तो असोद्याला राहायचा आणि मी जळगावात.

वैद्य नुसतं हं म्हणाले आणि लिहायला लागले. निदान: वात. मला आधीच शंका होती.

छापील पत्रक दिलं, 'दिनचर्या'. ब्राह्ममुहूर्ती उठावे. तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यावे. तोंडात तिळाचे तेल धरावे. अंगाला तेल, कानात तेल, नाकात तूप. रात्री म्हशीचे दूध, जायफळ घालून. झोपताना तळपायांना काशाच्या वाटीने तूप. दिवसा झोपू नये, ग्रीष्म ऋतूचा अपवाद. एकूण बावीस कलमं. सगळ्यात खाली बारीक अक्षरात: मनात काही ठेवून झोपू नये. हे बायकांसाठी असावं.

लता म्हणाली, झोपेसाठी नव्वद किलोमीटर धुळ्याला जाता, आणि असोदा सहा किलोमीटर, तिकडे नानांच्या तेराव्यानंतर पाऊल नाही. वाताच्या माणसाशी बायकोने वाद घालू नये असं पत्रकात नाही, पण हवं होतं.

६ जानेवारी, सोमवार

पहाटे २.५० ला जाग. गजर न लावता. म्हणजे पहिल्याच दिवशी ब्राह्ममुहूर्ताच्या दोन तास पुढे आहे. मुहूर्ताची वाट पाहत खाटेवर बसून राहिलो.

झोप: तुकडा. उठणं: फटका.

९ जानेवारी, गुरुवार

अभ्यंग सुरू. तेल अंगात मुरायला अर्धा तास द्यायचा होता, पण मिलची वेळ झाली. दुपारपर्यंत तुरीचा सगळा भुसा माझ्या अंगावर. शेठ म्हणाले, सुपरवायझर, तुम्हालाच चाळणीतून काढावं लागेल.

आमच्याकडे भुरा म्हणून हमाल आहे, चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याचा. जेवणाच्या सुट्टीत तो पोत्यांवर झोपतो, मशीन धडधडत असताना. त्याला आज विचारलं, तू काय करतोस झोपेसाठी. म्हणाला, काही नही करस साहेब, आंग टाकं का झोप ई जास. अशिक्षित माणूस. त्याची प्रकृती कफाची दिसते.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी २.४० ला बाहेरच्या दाराची कडी दोनदा वाजली. मग खोकला. उठून दार उघडलं. ओट्यावर कोणी नाही, रस्त्यावर ऊन आणि एक रिक्षा.

कडी दोनदा वाजवायची आणि खोकायचं, ही नानाची पद्धत. नाना म्हणजे माझा मोठा भाऊ, उखर्डू. तो आता नाही. तेव्हा कडी वाताने वाजवली असली पाहिजे. पत्रकात आहे, वात वाढल्यास कानांत नाना प्रकारचे आवाज होतात. लताला विचारलं, ऐकलंस का. ती म्हणाली, काय?

दोन्ही कानांत तेल घातलं.

१३ जानेवारी, सोमवार

तेल कानात राहिलं. चाळणीचा पट्टा तुटला तेव्हा ऑपरेटर ओरडत होता म्हणे. मला वाटलं, जांभई देतो आहे.

झोप: चुनी.

१९ जानेवारी, रविवार

मिलच्या लोकांची असोद्याला भरीत पार्टी. शेतात, तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, कळण्याच्या पुऱ्या. दर वर्षी मी पहिला असतो. यंदा नाही म्हणून कळवलं. वांगं वातुळ आहे आणि असोदा लांब पडतं.

संध्याकाळी दूधवाल्याबरोबर वहिनीने पिशवीभर वांगी पाठवली. निरोप होता की नानाच्या हातची लावलेली आहेत, यानंतर त्या वाफ्यात काही नाही. खाणार नव्हतो. लताने भरीत केलं. तीन भाकरी झाल्या.

रात्री छातीत जळजळ. वांगंच ते.

झोप: नाही. यासाठी ग्रेड ठेवलेला नव्हता.

२ फेब्रुवारी, रविवार

२.४० ला कडी. दोनदा. खोकला. या वेळी उठलो नाही. वाताला प्रोत्साहन देऊ नये.

शिवाय नवीन लक्षण. मागच्या खोलीत पिकलेल्या केळ्यांचा वास. खोलीत केळी नाहीत. नोव्हेंबरमध्ये होती. नाना शेवटचा आला तेव्हा एक घड आणून खुंटीला टांगून गेला होता, हिरवागार. आम्ही सगळे असोद्याला सुतकात आणि इकडे तो घड एकदम पिकला. तेरावं करून परत आलो तर घरभर वास. खायची कोणाची हिंमत झाली नाही, टाकायचीही नाही. खुंटीवरच काळा पडला. शेवटी लताने एका सकाळी मी मिलमध्ये असताना गाईला घातला.

खुंटी मी उपटून काढली आज. वास आहेच. नाकात तुपाचे थेंब दुप्पट करायचे.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सव्वासात. तोंडात तेल धरून ओट्यावर बसलो होतो. नियम असा की डोळ्यांना पाणी येईपर्यंत धरायचं, बोलायचं नाही, गिळायचं नाही. नेमकी बेबावहिनी आली. नानाची बायको. असोद्याहून पहिल्या बसने.

थुंकून बोलता आलं असतं. पण कलम सहा अर्धवट सोडल्यास दोष उलटतो असं पत्रकात आहे, म्हणजे असावं.

वहिनी समोर बसली आणि आखाजीचं बोलू लागली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरून पुजतात. पहिल्या वर्षाची घागर असेल तर आमच्या घरात तिचं पाणी शेतातल्या विहिरीचं, उन्हं चढायच्या आत काढलेलं लागतं. ते मुलाने आणायचं, मुलगा नसेल तर पाठच्या भावाने. नानाला एक मुलगी, ती चोपड्याला दिलेली. पाठचा भाऊ म्हणजे मी.

वहिनी म्हणाली, लीलाभाऊ, तुमच्याबिगर कोन हाये आता. दुसऱ्याच्या हातचं पानी त्याहिले चालनार नाही, तुम्हाले ठाऊक हाये. येसान ना?

मी मान अशी हलवली की तिचा अर्थ तेलालाच ठाऊक. तेवढ्यात माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ते पाहून तिच्याही आलं. म्हणाली, जाऊ द्या, रडू नका, मले समजते. हे तेलामुळे आहे, असं सांगण्याची सोय नव्हती.

ती आत लताकडे गेली तेव्हा तेल गिळलं गेलं.

कलम सहा: पूर्ण.

१६ फेब्रुवारी, रविवार

काशाच्या वाटीसाठी सराफ बाजारापासून सुभाष चौकापर्यंत हिंडलो. सगळीकडे स्टील. एका भांडीवाल्याने विचारलं, काका, कोणत्या काळातून आलात. काशाची वाटी घराण्यात एकच, आईची. ती असोद्याला, वहिनीकडे. म्हणजे आता माझी प्रोग्रेस केवळ वाटीमुळे अडली आहे. वहिनीला निरोप धाडला. स्वतः गेलो असतो, पण कडीच्या वेळेला घरी असलेलं बरं.

८ मार्च, रविवार

वैद्यांना पोस्टकार्ड टाकलं: दिवसा झोपायला ग्रीष्मात परवानगी आहे, तर जळगावात पंखे सुरू झाले आहेत, डांबर मऊ पडलं आहे, तरी ग्रीष्म लागला असं धरावं का.

१७ मार्च, मंगळवार

वैद्यांचं उत्तर. ग्रीष्म कोणाच्या सोयीने लागत नाही. तरी जेवणानंतर डाव्या कुशीवर पाऊण तास पडण्यास हरकत नाही. खाली लिहिलं आहे: बंधू कशाने गेले, ते आपण सांगितले नाहीत.

परवानगी मिळाली, हे महत्त्वाचं.

२९ मार्च, रविवार. दुपारी ४

डाव्या कुशीवर पडलो. पाऊण तास घड्याळाकडे तोंड होतं. २.४० ला कडी.

टेक्निकल मुद्दा: १० नोव्हेंबरला मी उजव्या कुशीवर होतो, भिंतीकडे तोंड करून. वैद्यांना हे सांगायचं राहून गेलं. निदानाला उपयोगी पडेल, म्हणून लिहून ठेवतो.

दिवाळीनंतरचा रविवार. जेवून पडलो होतो, झोप अजून लागायची होती. २.४० ला कडी दोनदा, मग खोकला. खरी कडी आणि खरा खोकला. लताने दार उघडलं. नानाने विचारलं, लीला काय करू राह्यला. मी डोळे मिटले. मी केलं ते एवढंच.

आठवड्यात एक दुपार माझी असते. नाना बसला की दोन तास. कोणत्या ओळीतली केळ वाकली, कोणत्या झाडाला टेकू दिला, वारा कुठून सुटला. सगळं हळू आवाजात, मध्ये मध्ये थांबून. तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. किती वेळ ते सांगता येत नाही, डोळे मिटलेले होते. मग लताला म्हणाला, झोपू दे त्याले, उठवू नको. हप्ताभर मिलात राबतो.

पाणी प्याला, घड मागच्या खोलीत टांगला आणि गेला. रात्री नऊला असोद्याहून माणूस आला. छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात संपलं.

तेराव्याला वहिनीच्या बोलण्यातून कळलं, तो त्या दिवशी मला डॉक्टरकडे सोबत चल म्हणायला आला होता. सकाळपासून छाती भरून येत होती. दवाखान्यात एकट्याने जायला नाना बुजायचा. कागदावर काय लिहिलं आहे ते मी वाचून सांगायचो.

त्याच्याआधीची दोन मुलं गेली म्हणून आईने त्याला जन्मल्यावर उकिरड्यावर लोळवलं होतं आणि उखर्डू नाव ठेवलं होतं. यमाला वाटावं, हा कचरा आहे, नको हा. अठ्ठावन्न वर्षं युक्ती चालली.

माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं. रविवार होता.

झोप: लागू नाही.

१२ एप्रिल, रविवार

आखाजी ५ मेला. लताने कॅलेंडरवर खूण केली आहे. म्हटलं, रूटीन ऐन रंगात असताना पहाटेचा प्रवास झेपणार नाही. दूध, जायफळ, अभ्यंग, सगळ्याची साखळी तुटते. ती म्हणाली, साडेपाचला उठून सहा किलोमीटर जायचं आहे, तुम्ही रोज तीनला उठून बसता. स्त्रियांना सिस्टिम कळत नाही.

१९ एप्रिल, रविवार

वहिनी स्वतः वाटी घेऊन आली. माझ्या तोंडात आज तेल नव्हतं.

वाटी हातात घेतली. आईची. बुडाला तीच खोक. लहानपणी आम्ही दोघं एका गोधडीत झोपायचो आणि आई ओळीने चारही तळवे घासायची. आधी माझे, कारण मी लहान.

वहिनीला ते सगळं नानाकडून ठाऊक. चहा पिता पिता तीच सांगू लागली, आणि हसत होती. म्हणाली, तुमचे नाना त्या रविवारी तुमच्याकडून आले ना, तं ओट्यावर बसून हसू राह्यले होते. मी म्हटलं, काय झालं, भेटला का लीलाभाऊ. तं म्हने, भेटला बी अन् नाही बी. सोंग घेऊन पडला होता. मी म्हटलं, तुम्हाले कसं समजलं. तं म्हने, त्याचा उजव्या पायाचा अंगठा हालत होता. लहानपनापासून हालतो. आई वाटी घासता घासता त्याच्यावरूनच त्याले पकडे. मी म्हटलं, मग उठवलं काहून नाही. म्हने, थकला असंल बिचारा. उद्या जाऊ डाक्टरकडे.

वहिनी हसता हसता पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, शेवटचं हसनं झालं त्याहिचं, तुमच्यावरून झालं, बरं झालं.

लता माझ्याकडे पाहत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

२० एप्रिल, सोमवार

लिहिण्यासारखं काही नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

मोजे घालून झोपलो. तापमान ४४. लताने विचारलं, मोजे कशाला. म्हटलं, तुपाने चादर खराब होते. तिने दिव्याखाली येऊन पाहिलं आणि म्हणाली, तूप लावलेलंच नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत भुरा पोत्यांवर झोपला होता. वीस मिनिटं त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. हलला नाही. पायाला चिखल, टाचेला भेगा, आणि अंगठा शांत. खरा माणूस. तो उठल्यावर म्हणाला, काय झालं साहेब, पायले काही चावनं का. म्हटलं, नाही, तपासणी होती.

२६ एप्रिल, रविवार

२.४० ला कडी वाजली. उठून बसलो आणि मोठ्याने म्हणालो, जागा आहे. लता स्वयंपाकघरातून धावत आली.

ठरलं. आखाजीला जायचं. वहिनीला दूधवाल्याबरोबर कळवलं की घागरीचं पाणी मीच आणणार, दुसऱ्या कोणाला सांगू नका. उलटा निरोप आला, विहिरीवर दोर नवा लावला आहे, वाट पाहते.

कधी नव्हे ते बरं वाटलं. वैद्यांनाही कार्ड टाकलं: बंधू हृदयविकाराने गेले. त्या दुपारी ते आले तेव्हा मी जागा होतो.

४ मे, सोमवार. रात्री ९

उद्याचं टाइमटेबल:

४.०० उठणे. ४.१० पाणी. तेल तोंडात धरायचं नाही, बोलावं लागेल. ४.३० आंघोळ. ५.१५ स्टँड. पहिली बस. ६.०० असोदा. वहिनीकडून घागर घेऊन थेट शेतावर. ६.३० पाणी. उन्हं चढायच्या आत घरी. गेलेल्या प्रत्येकासाठी उंबऱ्यावर कुंकवाचं एक बोट ओढतात, तेव्हा नाव मी घ्यायचं: तोताराम, आमचे वडील, आणि मग उखर्डू तोताराम.

विहिरीवर एकटा असताना नानाला एक गोष्ट सांगायची आहे. ती इथे लिहायची नाही.

गजर लावला, दोनदा तपासला. मिलला सुट्टी आहे. एकच धोका, रात्रभर जागरण होऊन विहिरीवर चक्कर यायचा. म्हणून आजच्या रात्री बावीसच्या बावीस कलमं, काटेकोर. म्हशीचं दूध मोठा पेला. जायफळ वैद्यांनी सांगितलं त्याच्या दुप्पट, नाही, अडीचपट, प्रसंग मोठा आहे. लताला म्हटलं, वाटी घे. तिने आईच्या वाटीने तळवे घासले. किती वर्षांनी. मोजे काढून ठेवले.

रात्री १.२० अजून जागा. पण डोळे जड.

५ मे, मंगळवार. आखाजी. रात्री

झोप: फटका. नऊ तास चाळीस मिनिटं.

अकराला जाग आली. पहिल्यांदा वाटलं, घड्याळ बंद पडलं. मग ऊन कुठवर आलं आहे ते पाहिलं.

लताला ओरडलो. ती म्हणाली, गजर चारला वाजला होता, तिनेच बंद केला. मी घोरत होतो. सहा महिन्यांनी घोरणं ऐकलं आणि तिची हिंमत झाली नाही, वाटलं अर्धा तास. मग साडेचार, मग पाच. हलवलंही म्हणे एकदा, मी कूस बदलली नाही. सातला वहिनी आली, कोणाची तरी जीप घेऊन. पहिल्या बसला आलो नाही म्हणून काळजी वाटली. कडी दोनदा वाजवली. मी ती कडीही ऐकली नाही.

लता सांगते, वहिनी खोलीच्या दारात उभी राहिली. मग आत येऊन पायाशी उभी राहिली. बराच वेळ खाली पाहत होती. लता म्हणाली, उठवते मी, थांबा. तर वहिनीने खाली पडलेली चादर उचलली, माझ्या पायांवर ओढली आणि म्हणाली, झोपू दे त्याले, उठवू नको. चहा न घेता गेली.

बाराच्या बसने आम्ही असोद्याला पोचलो. घागर मधल्या खोलीत भरून ठेवलेली, वर खरबूज, शेजारी सांजोरी आणि आंबे. नानाच्या मुलीने पाणी आणलं होतं. तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजून तशीच वाळली होती. उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढून झाली होती. शेवटचं बोट बाकीच्यांपेक्षा ताजं दिसत होतं, का मला तसं वाटलं, सांगता येत नाही. नाव कोणी घेतलं ते विचारलं नाही.

वहिनीने पान वाढलं. पुरणपोळी, आमरस. सगळे सगळ्या विषयांवर बोलत होते, सकाळचं पाणी सोडून. वाढता वाढता वहिनीने विचारलं, झोप झाली ना लीलाभाऊ? जसं पाहुण्याला विचारतात तसं.

म्हटलं, हो, झाली. खरंच झाली होती. एक्कावन्न वर्षांत इतकी खरी झोप मी कधी झोपलो नसेन. तरी सांगताना मान खाली गेली, आणि माझं मलाच ते खोटं ऐकू आलं.

येताना शेतावर गेलो. लता बांधावर थांबली. विहिरीच्या नव्या दोराचं आतलं वेटोळं अजून ओलं होतं. दुपारचं ऊन डोक्यावर, त्या वेळचं पाणी चालत नाही. सांगायचं होतं ते सांगायला तोंड उघडलं, तर पंप सुरू झाला.

रात्री १२.४० लताला विचारलं, वहिनी पायाशी उभी होती तेव्हा अंगठा हलत होता का. ती म्हणाली, मी बघितलं नाही हो, मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. म्हणजे आता ते फक्त वहिनीला ठाऊक आहे, आणि तिला विचारायला माझी जीभ उचलणार नाही.

दूध घेतलं नाही. जायफळ मोरीत टाकलं. वाटी धुऊन, पुसून, फडक्यात बांधून ठेवली आहे, परत करायची. वैद्यांचं पत्रक डायरीच्या मागच्या पानात आहे, असू दे.

पाय चादरीबाहेर काढून बसलो आहे. कडी अजून वाजलेली नाही. वाजली तर लगेच उठायचं ठरवलं आहे.